वरच्या बाईंचा नियम

रात्री नऊ ते साडेनऊ हा अर्धा तास मला कधीही नीट सांभाळता आला नाही. दिवसाचे बाकीचे तास शिस्तीत जातात. नऊ वाजता जेवण होऊन गेलेले असते, भांडी घासून पालथी घातलेली असतात, उद्याची साडी खुर्चीवर काढून ठेवलेली असते. आणि नेमका तेव्हाच हात डब्याकडे जातो. पोटाला काही नको आहे, हे मला पक्के ठाऊक असते. तरीही जातो. एवढ्या क्षुल्लक गोष्टीवर लिहावे की नाही, याविषयी मी बरेच दिवस साशंक होते. साठी उलटल्यावर लेखणी हाती घेणाऱ्या माणसाने काही मोठे सांगावे, अशी अपेक्षा असते. माझ्याजवळ मोठे काही नाही. एका खोट्या होकाराची हकिगत आहे आणि तिच्यात भडंगाचा एक डबा आहे.

साताऱ्यात आई होती तोवर या अर्ध्या तासाचा मला कधी त्रास झाला नाही. आम्ही दोघीच राहत होतो. मी लग्न केले नाही. का केले नाही, याचे उत्तर देण्याची वेळ आली की मी चहा ठेवायला आत जात असे, आणि पुढे पुढे कोणी विचारेनासे झाले. रात्री आठला जेवण होई. नऊला आई फुटाण्यांचा किंवा शेंगदाण्यांचा डबा घेऊन पलंगावर बसे. "पोट भरलंय गं, तोंड भरायचंय अजून," असे ती म्हणे. मग गल्लीतल्या बातम्या सुरू होत. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाची सून माहेरून परतली नाही, कोणाच्या दारात नवी गाडी लागली. मी हुंकार देत असे. सबंध दिवसात मी जेवढे बोलत असे, त्यातले निम्मे त्या अर्ध्या तासात बोलत असे, आणि तेही बहुतेक 'हो का?' एवढेच.

आई गेली. त्यानंतर वर्षभराने मला बढती मिळाली आणि सांगलीच्या कार्यालयातील अभिलेख कक्षात माझी बदली झाली. जुन्या फायली जपणे हे माझे काम. त्या बोलत नाहीत, म्हणून ते मला मानवत होते. माधवनगरला एका जैन कुटुंबाच्या घराचा वरचा मजला मला भाड्याने मिळाला. एक खोली, स्वयंपाकाची लहानशी जागा आणि बाहेरून चढणारा जिना. खाली घरमालक आणि त्यांच्या पत्नी असे दोघेच असत. मुलगा बंगळूरला. त्यांना सगळे अण्णा आणि अक्का म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणू लागले. अण्णांनी उमेदीची वर्षे तासगावच्या बेदाण्याच्या व्यापारात घालवली होती. आता ते पलंगावर बसून वर्तमानपत्र वाचत. अक्कांना उजव्या कानाने ऐकू येत नसे आणि डाव्याने कमी येई, म्हणून त्या मोठ्याने बोलत.

ते दोघे दिवस मावळायच्या आत जेवत. सूर्यास्तानंतर अन्नाचा कण नाही, स्वयंपाकघरात दिवासुद्धा नाही. मी राहायला गेले त्या पहिल्याच रविवारी अक्कांनी मला साडेपाचला जेवायला बोलावले. ज्वारीची भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी. कांदा नाही, लसूण नाही. मी फार थोडे खाल्ले. परक्या घरी मला दुसरी भाकरी मागता येत नाही आणि वाढलेली नाकारताही येत नाही, म्हणून मी पहिलीच इतकी सावकाश खाते की दुसरीची वेळ येऊ नये. उठताना अक्का म्हणाल्या, "आवं बाई, चिमणीएवढं खाल्लं तुमी. रात्री भूक लागंल. दोन भाकऱ्या बांधून देऊ का?"

"नको, नको," मी म्हणाले. "मी रात्री काही खात नाही."

संकोचाने बोललेले वाक्य होते ते. साताऱ्यात कोणीही त्याचा अर्थ 'मला लाज वाटते आहे' एवढाच घेतला असता. अक्का मात्र हातातली पळी तशीच धरून माझ्याकडे पाहत राहिल्या.

"नियम घेतलाय?"

मी हसले. काय बोलावे ते सुचले नाही की मी हसते आणि मान हलवते. मान खालीवर हलली.

"ऐकलं का?" अक्का अण्णांना म्हणाल्या. "ह्या आपल्यातल्या न्हाईत, तरी नियम पाळत्यात. आणि आपली नातवंडं तिकडं रात्री अकराला पिझ्झा मागिवत्यात."

त्याच क्षणी दुरुस्ती करणे सोपे होते. पाच-सहा शब्दांचे काम होते. मी ते शब्द मनात जुळवले, वाक्य व्याकरणशुद्ध केले, आणि तेवढ्यात अक्का ताटे उचलून आत गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या खालच्या पायरीवर कापडी पिशवीत एक डबा ठेवलेला होता. अक्का दारातच उभ्या होत्या. "तुमचं हापिस सवासहाला सुटतंय. घरी येस्तोवर दिवस बुडतोय. मग तुमी जेवणार कवा? हे पाचला तिथंच खावा." त्या दिवसापासून कार्यालयाच्या प्रत्येक दिवशी तो डबा पायरीवर असे. मी पाच वाजता फायलींच्या कपाटाआड बसून माझे रात्रीचे जेवण जेवत असे. बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, ओळखीच्या बायका भेटल्या की अक्का माझ्याबद्दल सांगत. येता-जाता त्या बायका मला थांबवून हात जोडू लागल्या. आयुष्यात माझ्याकडे कोणी इतक्या कौतुकाने पाहिले नव्हते. ते कौतुक ज्या बाईंचे होते त्या बाई मी नव्हते, ही एक अडचण होती.

कारण नऊ वाजायचेच. पाचचे जेवण नऊपर्यंत पुरत नसे, हे खरेच. पण मला लागणारी ती भूक नव्हती. भूक असती तर मी भाकरी केली असती. मला काहीतरी कुरकुरीत, पुन्हापुन्हा हात घालता येईल असे हवे असे, आणि सांगलीत असे काही हवे असेल तर भडंगाशिवाय दुसरे नाव सुचत नाही. कार्यालयातून येताना मी ते आणत असे आणि आईच्या स्टीलच्या डब्यात भरून ठेवत असे. त्या डब्याचे झाकण घट्ट होते. निघताना 'टक्' असा आवाज होई. त्यातून भडंगाला लसणाचा वास. जिथे लसूण घरात येत नाही अशा घराच्या माथ्यावर बसून मी लसणाचे भडंग खात होते. खिडकी उघडी ठेवत असे, बोटे साबणाने दोनदा धूत असे. चावताना दाढांचा आवाज खाली जाईल या भीतीने चुरमुरे तोंडात मऊ होऊ देत असे. म्हणजे ज्यासाठी ते खायचे तेच गमावून खात होते.

मी उपाय केले नाहीत असे नाही. साडेआठलाच दात घासून पाहिले. तोंडात लवंग धरून पाहिली. कोमट पाण्याचे दोन पेले प्यायले, आणि रात्रभर मोरीच्या खेपा घातल्या. डबा पोटमाळ्यावर ठेवला, म्हणजे तो काढायला खुर्चीवर चढावे लागेल आणि चढेपर्यंत विचार बदलेल. विचार बदलत नसे, खुर्ची मात्र सरकत असे. साताऱ्याहून येताना एकदा कंदी पेढे आणले. पेढ्याला आवाज नसतो, हा त्यातला हिशेब. त्याच सुमारास कार्यालयाच्या तपासणीत माझी साखर काठावर आली. डॉक्टर म्हणाल्या, "रात्री जेवणानंतर काही खाता का?" मी मान हलवली, या वेळी आडवी. दोन ठिकाणी दोन प्रकारे हलवलेली ती मान घेऊन मी घरी आले आणि नऊ वाजता उरलेले दोन पेढे उभ्यानेच खाल्ले.

असे दीड वर्ष गेले. अक्का रोज संध्याकाळी मी जिना चढण्यापूर्वी विचारत, "पाचला जेवला न्हवं?" मी हो म्हणे, ते खरे असे. एवढेच आमचे बोलणे. पण सांगलीत मला रोज काही विचारणारे तेवढे एकच माणूस होते, आणि ते माणूस मला माझ्या नसलेल्या गुणासाठी विचारत होते. खरे सांगितले तर पायरीवरचा डबा जाईल, याची मला फारशी भीती नव्हती. तो प्रश्न जाईल, याची होती.

भाद्रपदात त्यांचे पर्युषण पर्व आले. शनिवारी संध्याकाळी अक्का पायरीवर माझी वाटच पाहत होत्या. चेहरा फुललेला होता.

"आवं बाई, ह्या साली बस्तीत नियम पाळणाऱ्यांचा सत्कार हाय. नारळ देणार, दोन शब्द बोलायला लावणार. मी तुमचं नाव दिलंय."

"माझं?"

"तुमचं न्हाई तर कुणाचं? भायेरची बाई असून पाळती म्हटल्यावर पोरीबाळी ऐकतील. माझं कोण ऐकतंय?"

त्या रात्री मी खुर्ची सरकवली नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या मला नारळ दिसत होता, आणि नारळापाठीमागे माझ्याकडे पाहणारी सगळी बस्ती. चारचौघांत उभे राहून बोलण्याचे भय मला जन्मापासून आहे; पण त्या रात्री मला कळले, की बोलायचे खरे असते तर मी ते भय कसेबसे निभावले असते.

रविवारी साडेपाचला मी स्वतःहून खाली गेले. दोघे जेवायला बसत होते. अक्कांनी माझ्यासाठीही ताट घेतले. मी बसले नाही. वाक्य रात्रभर तयार केलेले होते, तरी ते उलटेसुलटेच बाहेर पडले.

"अक्का, मी खाते. रात्री. रोज."

"काय?" त्यांनी डावा कान पुढे केला.

मला ते पुन्हा, मोठ्याने म्हणावे लागले. शेजारच्या घरात ऐकू गेले असेल. "मी रात्री खाते. पहिल्यापासून. नियम घेतलाच नव्हता. तुम्ही विचारलंत आणि मी नुसती मान हलवली."

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि शांतपणे म्हणाले, "भडंग."

अक्का त्यांच्याकडे वळल्या. "तुमास्नी म्हाईत हुतं?"

"व्हय. माझा पलंग बरोबर बाईंच्या खोलीखाली हाय. आदी खुर्ची सरकती, मग डबा वाजतो, मग खिडकीतनं लसणाचा वास येतो. लय कष्टाचं खाणं हाय बाईंचं."

"आणि तुमी दीड वर्स सांगितलं न्हाई?"

"सांगून काय करायचंय? डबा वाजला की कळायचं, वर माणूस हाय. मग मला झोप लागायची."

मला हसू आले नाही आणि रडूही आले नाही. मी अक्कांकडे पाहत होते. त्यांनी माझे ताट उचलून परत फळीवर ठेवले.

"खाल्लं त्येचं काय न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "जगच खातंय. पर मी चारचौघीत सांगत फिरलो, आणि तुमी मला फिरू दिलं. आता बस्तीतलं नाव तुमचं तुमीच जाऊन काढा. मी जाणार न्हाई."

मी गेले. बस्तीच्या ओट्यावर एक वयस्क गृहस्थ वही घेऊन बसले होते. मी नाव काढायचे आहे म्हणाले. त्यांनी चष्मा वर केला.

"का? मोडला नियम?"

"घेतलाच नव्हता. बोलण्यात माझी चूक झाली. ज्यांनी नाव दिलं त्यांची काही चूक नाही, तेवढं लक्षात ठेवा."

त्यांनी माझ्याकडे, मग वहीकडे पाहिले आणि नावावर सरळ रेघ मारली. "बाई, नाव घालायला लय जण येत्यात," ते म्हणाले. "काढायला आलेल्या तुमी पयल्याच."

सोमवारी पायरीवर डबा नव्हता. मंगळवारी नव्हता, बुधवारी नव्हता. संध्याकाळी अक्कांचे दार लोटलेले असे. मी जिना चढताना मुद्दाम चपला वाजवत असे, आणि मग लक्षात येई की त्यांना तो आवाज ऐकू येत नाही. गंमत अशी, की आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते. मी डबा माळ्यावरून खाली आणला होता, चावण्याला बंदी नव्हती. त्या तीन रात्री मी जितके भडंग खाल्ले तितके पूर्वी कधीही खाल्ले नव्हते. डबा रिकामा झाला आणि तळाचे तिखटमीठ बोटाने पुसून खाल्ले, तरी साडेनऊ वाजत नव्हते. फुटाण्यांच्या वेळी आई जे म्हणे ते मला तेव्हा पुरते कळले. तोंड भरायचे होते. कशाने, ते तिने कधी सांगितले नव्हते, कारण ती बोलतच असे.

गुरुवारी सकाळी पायरीवर कापडी पिशवी होती. आत नेहमीचा डबा आणि त्यावर झाकण लावलेली एक लहान वाटी. वाटीत भाजलेले शेंगदाणे होते. अक्का दारात उभ्या होत्या, माझ्याकडे न पाहता.

"दिवसा भाजल्यात. रात्री मी हात लावणार न्हाई. नऊला खाली यायचं आणि पायरीवर बसून खायचं. वाटी संपली की बास. अण्णा म्हणत्यात साखर वाढली तुमची."

"त्यांना कोणी सांगितलं?"

"तुमीच. फोनवर कुणाला तर सांगत हुता. त्येंला सगळंच ऐकू येतंय, मलाच येत न्हाई."

त्या रात्री नऊला मी वाटी घेऊन पायरीवर बसले. अक्का उंबऱ्यात कापूस घेऊन वाती वळत होत्या, अण्णा खुर्चीत होते. दोघांच्याही तोंडात काही नाही. न खाणाऱ्या दोन माणसांसमोर बसून खाणे ही काय शिक्षा आहे, ते ज्याचे त्याने अनुभवावे. मी एक दाणा तोंडात टाकला. तो फुटल्याचा आवाज मला अंगणभर ऐकू आला. दहा-बारा दाण्यांनंतर मी वाटी बाजूला ठेवली.

"बास?" अक्कांनी विचारले.

"बास."

"हे आदी केलं असतं तर?" त्या म्हणाल्या आणि नव्या वातीला कापूस ओढला. मग कवठे महांकाळला दिलेल्या बहिणीची हकिगत सांगू लागल्या. मी 'हो का?' म्हणाले. त्यांना ऐकू आले नाही, म्हणून मोठ्याने म्हणाले.

निवृत्त होईपर्यंत, म्हणजे आणखी तीन वर्षे, असे चालले. पुष्कळदा वाटी भरलेली तशीच पायरीवर राही, ती वर न्यायची आठवणही राहत नसे. मी मोठा संयम मिळवला असे मला तेव्हा वाटले होते. आता साताऱ्यात परत आल्यावर कळते, की तो संयम माझा नव्हता, पायरीचा होता. इथे घर आहे, आईचा पलंग आहे, आणि नऊ वाजतात. साखर आता काठ ओलांडून गेली आहे. शेंगदाणे मी वाटीत मोजूनच काढते, पण वाटी पुन्हा भरायला इथे कोणाची आडकाठी नाही.

गेल्या थंडीत अण्णा गेले. मी सांगलीला जाऊन आले. अक्का मुलाकडे जायला तयार नाहीत. वरचा मजला रिकामा आहे. तेव्हापासून त्या रात्री नऊला मला फोन करतात. त्यांना फोनवर आणखीच कमी ऐकू येते, त्यामुळे बोलणे दोन मिनिटांत संपते. "खाल्लं?" "एक वाटी." "बास करा." फोन ठेवल्यानंतर उरलेली अठ्ठावीस मिनिटे माझी मला काढायची असतात. त्यांतच मी हे लिहायला घेतले.

परवा फोन ठेवण्याआधी अक्का म्हणाल्या, "एक इचारू का? तुमच्या डब्याचा आवाज कसा यायचा वो? ह्येंला ऐकू यायचा. मला मेलीला एक डाव बी आला न्हाई."

तो डबा फळीवरच होता. मी तो उतरवून मांडीवर घेतला, फोन झाकणाजवळ धरला आणि झाकण ओढले. टक् झाले. रिकाम्या खोलीत ते पूर्वीपेक्षा मोठे वाटले.

"आला?" मी ओरडून विचारले.



"व्हय, आला की," अक्का म्हणाल्या. "आला, आला."

इतक्या घाईने त्या कधी काही कबूल करत नाहीत. मी दुसऱ्यांदा विचारले नाही. त्यांनी फोन ठेवल्यावर मी उघड्या डब्याकडे पाहत बसले, आणि मग हात न घालता झाकण लावून टाकले.